मुलांचा राग : दाबायचा की सांभाळायचा?

शाळेतून आलेले पोर दप्तर भिरकावते, धाकट्या बहिणीला ढकलते, समोरचे ताट सारते. आई म्हणते, "येऊ दे तुझ्या पप्पांना!" पप्पा ड्युटीवरून दमून येतात, हकिकत अर्धीच ऐकतात आणि हात उगारतात. पोर गप्प होते. घराला वाटते, राग गेला. प्रत्यक्षात पोर एवढेच शिकते की ज्याचा हात मोठा, त्याने रागवायचे. दुसऱ्या दिवशी धाकटीवर तेच करून पाहते.

बरेचसे राग भुकेचे आणि झोपेचे असतात. एका खोलीत सहा माणसे, वर टी.व्ही.चा आवाज, मग मूल चिडणारच. अशा वेळी आधी खायला द्यावे, बोलणे नंतर. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तर राग नीट आवरता येत नाही. त्याला जवळ घेऊनच शांत करावे लागते. मुलगा चिडला की 'वाघ आहे' आणि मुलगी चिडली की 'सासरी कसं होणार', हेही आपल्या घरांतून गेले पाहिजे.

खरा प्रश्न दुसऱ्या रागाचा आहे. वर्गात कोणी जातीवरून टोमणा मारला, 'तुम्हाला काय, फुकट मिळतं' असे ऐकवले, तर मूल पेटून घरी येते. आपण म्हणतो, "जाऊ दे, लक्ष देऊ नकोस." नाहीतर, "तू पण दे एक ठेवून!" दोन्ही उत्तरांत मूल एकटेच राहते. आधी त्याला स्पष्ट सांगावे, "तुला राग आला, ते बरोबरच आहे. चूक बोलणाऱ्याची आहे." मग वही काढून तारीख, कोण बोलले, कोणते शब्द, कोणासमोर, हे त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. लिहिताना हात थरथरतो, पण हळूहळू श्वास जाग्यावर येतो. मग एक दिवसाचा खाडा झाला तरी चालेल, आईबापांपैकी एकाने लेखी अर्ज घेऊन मुख्याध्यापकांना भेटावे आणि पोच घ्यावी.

बाबासाहेबांचे बालपण मुलांना सांगावे. 1901 साली वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत ती कोरेगावला निघाली. वाटेत रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. तेव्हा ते साधारण नऊ वर्षांचे होते. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवला. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. आपले लोकही चवताळले होते, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे तळ्याचा दावा कोर्टात नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि 1937 साली हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. त्या दिवशी उलट मारले असते तर काय झाले असते, हे मुलांना विचारून पाहा. त्यांना वाद घालू द्या.

तथागतांनी रागाची तीन माणसे सांगितली आहेत : दगडावरच्या रेघेसारखा, मातीवरच्या रेघेसारखा आणि पाण्यावरच्या रेघेसारखा. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांना खडू, काडी आणि पाण्याची परात द्यावी. रेघा ओढून झाल्या की मुले आपण होऊन सांगू लागतात, "माझा मातीवरचा." शिव्या देणाऱ्या ब्राह्मणाला तथागतांनी विचारले होते की पाहुण्याने न घेतलेले जेवण कोणाचे? ही कथाही सुंदर आहे, पण अपमान सोसून घेतलेल्या मुलाला गप्प बसवण्यासाठी ती वापरू नये. शिवी परत करता येते; हक्क सोडायचा नसतो.

आनापानाचेही तसेच आहे. चिडलेल्या मुलाला "जा, डोळे मिटून बस" म्हटले की ती शिक्षा होते. रोज वंदनेनंतर पाच मिनिटे घरातल्या सर्वांनी, पप्पांसकट, श्वासाकडे लक्ष देऊन बसावे. शांतपणी सवय झाली, तरच रागात ती आठवते.

मूल महिनोन्महिने वस्तू फोडत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर अंगारेधुपारे नकोत. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. टेलि-मानस ही सरकारी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येते.