व्याकरणनियम, ‘यॅक’ आणि अन्वयाची संदिग्धता

व्याकरण हे भाषेचे वर्णन असते, तसेच ते वाक्य उलगडण्याचे साधनही असू शकते. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८३६) आणि मोरो केशव दामले (१९११) यांच्या ग्रंथांतील नियम वाचणारा माणूस अन्वय लावताना अर्थाचाही आधार घेतो. यंत्राला मात्र केवळ नियमच उपलब्ध असतात. म्हणून नियमांतील न्यून प्रथम यंत्रासमोर उघड होते.

बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘यॅक’ हे साधन सिद्ध केले. व्याकरणनियमांची फाइल लिहून आज्ञा-ओळीवर ‘यॅक’ व फाइलचे नाव टंकित केले की त्या नियमांनुसार अन्वय लावणारा ‘पार्सर’ सी भाषेत तयार होतो. हे साधन मुख्यतः संगणकीय भाषांसाठी आहे. तथापि मराठी नामपदाच्या परीक्षणासही ते उद्बोधक ठरते.

उदाहरणार्थ, तीन नियम घ्यावेत : नामपद म्हणजे नाम, किंवा विशेषण आणि नामपद, किंवा नामपद, ‘चा’ प्रत्यय आणि नाम. आता उरण तालुक्यातील द्रोणागिरीसंबंधीचे एक पद पाहू : ‘द्रोणागिरीत राहणाऱ्या मुलाच्या आईला’. येथे द्रोणागिरीत कोण राहतो? मुलगा की आई? ‘राहणाऱ्या मुलाची आई’ म्हटल्यास मुलगा, ‘राहणारी मुलाची आई’ म्हटल्यास आई, असा निर्णय लिंगवचनाच्या मेळाने होतो. परंतु ‘आई’ला विभक्तिप्रत्यय लागताच विशेषणाचे सामान्यरूप दोन्हीकडे ‘राहणाऱ्या’ असेच होते आणि भेद नाहीसा होतो.

या नियमांवर यॅक एका संघर्षाची सूचना देते. ‘राहणाऱ्या मुला’ एवढे वाचून झाल्यावर तेथेच पद पूर्ण करावे, की पुढील ‘चा’ वाचावा, हे नियमांवरून ठरत नाही. अशा वेळी यॅक पुढे वाचणे पत्करते. परिणामी विशेषण संपूर्ण ‘मुलाच्या आई’ या पदास लागते, म्हणजे द्रोणागिरीत आई राहते. हा निर्णय मराठीचा नव्हे, साधनाच्या सोयीचा आहे. आणि सूचनेकडे दुर्लक्ष केल्यास तो निमूटपणे प्रमाण ठरतो.

नवी मुंबईसाठी जेथे जमिनी संपादित झाल्या, त्या परिसरात ‘राहणाऱ्या’ हा शब्द कोणास लागतो हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. मोबदल्याच्या कागदात तो हक्काचाही प्रश्न होऊ शकतो.

‘बायसन’ या उत्तरकालीन साधनात दोन्ही अन्वय समांतर चालविण्याची सोय आहे. पण ते एकत्र आल्यावर काय करावे, हे नियमकर्त्यासच सांगावे लागते. यंत्र संदिग्धतेचे स्थान दाखविते. निवड आणि तिची जबाबदारी व्याकरणकाराकडेच राहते.