बांध कोणी घातला, पाणी कोणाला मिळाले? पर्यावरण-रक्षण आणि रोजगाराचा हक्क

दिवाळीच्या सुट्टीनंतर निवासी शाळेची घंटा पुन्हा वाजते, तेव्हा आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरांना कुलपे लागलेली असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि आईवडील कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. ज्या गावातून ते गेले, त्या गावाचा माळ मात्र उघडाबोडका पडलेला असतो. पावसाने त्यावरची माती धुऊन नेलेली असते आणि ओढा गाळाने भरलेला असतो. थोडक्यात, काम गावात आहे आणि काम करणारा गावाबाहेर. या दोहोंची गाठ घालणारे धोरण महाराष्ट्राला नवे नाही. इतिहासाचे शिक्षक या नात्याने त्या धोरणाची हकिकत आणि तिच्यातील उणी बाजू या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

पर्यावरण जपावे तर रोजगार बुडतो, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. कारखान्याच्या धुराड्यापुरता विचार केला, तर त्यात थोडे तथ्य दिसेलही. पण जमीन, पाणी आणि झाडे यांचे रक्षण हे मुळातच हातांनी करावयाचे काम आहे. डोंगरउतारावर खणतात तो सलग समतल चर सर्वसाधारणपणे 60 सेंटिमीटर रुंद व 30 सेंटिमीटर खोल असतो. असा एक किलोमीटर चर खणायचा, म्हणजे 180 घनमीटर माती-मुरूम उचलायचा. एका मजुराच्या हातून दिवसाला दीड घनमीटर काम होते असे धरले, तर एवढ्या एका चराला 120 दिवसांची मजुरी लागते. कन्नड, सोयगाव, खुलताबाद या तालुक्यांतील डोंगररांगांवर अशा चरांना किती वाव आहे, याचा हिशेब वाचकांनीच करावा. माथ्यावर चर, मधल्या उतारावर दगडी बांध, खाली नालाबांध आणि पायथ्याशी पाझर तलाव, अशी ही साखळी असते. वाहते पाणी चालू लागते, चालते पाणी थांबते, थांबलेले जमिनीत मुरते आणि विहिरींना उतरते.

या साखळीला रोजगाराच्या कायद्याशी जोडण्याची बुद्धी महाराष्ट्राला झाली, ती बहात्तरच्या दुष्काळात. आम्ही तेव्हा लहान होतो. मिलो, सुकडी आणि खडी फोडण्याच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे राबत होती. त्याच्या काही वर्षे आधीच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग मांडला होता. दुष्काळाने त्या कल्पनेला राज्यव्यापी रूप दिले. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम 1977 मध्ये संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्याआधी 1975 मध्ये व्यवसाय कर लागू झाला होता. नोकरदार व व्यापारी यांच्याकडून येणारी ही रक्कम आणि तेवढीच शासनाची भर, यावर ही हमी उभी राहिली. आम्हां शिक्षकांच्या पगारपत्रकात दरमहा दिसणारी ती छोटीशी कपात कशासाठी सुरू झाली, हे आमच्या अनेक सहकाऱ्यांनाही ठाऊक नसते.

या कायद्याचे मर्म मजुरीच्या दरात नव्हते. शासनाने कृपा म्हणून काम काढायचे नाही, तर नागरिकाने हक्क म्हणून मागायचे आणि ते न मिळाल्यास भत्ता घ्यायचा, ही गोष्ट त्यात नवी होती. काम मृद्‌संधारण, सिंचन, वनीकरण अशा उत्पादक स्वरूपाचे असावे आणि निदान 60 टक्के खर्च अकुशल मजुरीवर व्हावा, अशीही अट होती. केंद्राचा 2005 चा ग्रामीण रोजगार हमी कायदा याच वाटेने आला. 2 फेब्रुवारी 2006 रोजी तो देशातील पहिल्या 200 जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत आपला तेव्हाचा औरंगाबाद जिल्हाही होता.

गावकुसाबाहेरच्या माणसाला या हक्काचे मोल इतरांपेक्षा अधिक का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. अस्पृश्यांनी आपला हक्क बजावण्याचा प्रयत्न केला की गाव त्यांच्यावर बहिष्कार टाकते, आणि तो बहिष्कार जिव्हारी लागतो, कारण त्यांची रोजीरोटी त्याच गावातील जमीनमालकांच्या हाती असते, हे त्या समितीच्या अहवालाने नमूद केले. शेतमजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. तलवारीपेक्षा हे हत्यार अधिक धारदार होते. गावच्या पाटलाने कामावरून काढले तरी तहसीलदाराकडे काम मागता येते, ही सोय झाली, तेव्हा त्या हत्याराची धार काही अंशी बोथट झाली. हजेरीपटावर स्त्रियांची नावे पुरुषांच्या बरोबरीने लागली. आमच्या मते रोजगार हमीचा हा परिणाम पाझर तलावांच्या संख्येपेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

आता उणी बाजू. पाझर तलाव खणला भूमिहीनाने. पाणी उतरले ते धरणाखालच्या विहिरीत, आणि विहीर ज्याची जमीन त्याची. बांधबंदिस्ती झाली ती बांध असणाऱ्याच्या शेतात. मजुराला आठवड्याची मजुरी मिळाली आणि मालकाला कायमची मालमत्ता. पाणी आल्यावर शेतात खुरपणी-काढणीची कामे वाढतात आणि त्यांतून मजुराला काही दिवसांची जास्त मजुरी मिळते, हे खरे. पण ती पुन्हा त्याच मालकाच्या मर्जीवर. 1990 मध्ये फळबाग लागवड या हमीशी जोडली गेली आणि सीताफळ, बोर, आंबा, डाळिंब मुरमाड जमिनीवरही आले, तेव्हा मागासवर्गीय अल्पभूधारकाला स्वतःच्या तुकड्यावर राबून मजुरी मिळू लागली. ही चांगलीच सुधारणा होती. ज्याच्याकडे तुकडाही नाही, तो मात्र तिच्याबाहेरच राहिला.

याहून कठीण प्रश्न गायरानाचा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनंतर मराठवाड्यात शेकडो कुटुंबांनी पडीक गायराने कसायला घेतली. 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीयांची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय 1991 मध्ये निघाला. दुसऱ्या बाजूला सामाजिक वनीकरणालाही जागा हवी होती आणि तिला सर्वांत सोपी जागा गायरानच वाटली. खड्डे खणण्याच्या मजुरीसाठी ज्याला बोलावले, त्याचीच ज्वारी त्या खड्ड्यांखाली गेली, असे प्रसंग आमच्या पिढीने पाहिले आहेत. आदर्श गावांच्या पंचसूत्रीतील चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांबाबतही असेच म्हणावे लागते. माळ हिरवा होण्यासाठी त्या आवश्यक आहेत. परंतु दोन शेळ्यांवर जगणाऱ्या विधवेला त्या काळात चारा कोठून मिळणार, हे ठरावात लिहिलेले नसेल, तर गावाच्या हिरवाईची किंमत ती एकटी भरते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, त्यातही भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमाती यांना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला. तो अपवाद वाचून दाखविणारा मनुष्य ग्रामसभेत असावा लागतो.

मग पर्यावरण-रक्षणाचा लाभ भूमिहीनापर्यंत पोचविण्याची रीत कोणी दाखविली आहे काय? दाखविली आहे. बहात्तरच्याच दुष्काळाने हलून गेलेले पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातील नायगावी गेले. तेथे देवस्थानची 40 एकर ओसाड जमीन त्यांनी भाड्याने घेतली आणि माती-पाणी अडवून ती पिकवून दाखविली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही विद्यार्थ्यांना सांगावेत असे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीप्रमाणे नव्हे, तर घरातील माणसांप्रमाणे : माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल इतका. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी उचलायचा. जमीन विकली, तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ज्याच्याकडे रान नाही, त्याने आपले पाणी घेऊन दुसऱ्याच्या रानात बटाईने पीक करावे. जमीन आणि पाणी यांची हजारो वर्षांची गाठ सोडविणारा हा विचार होता; चवदार तळ्याच्या वारसांना त्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. हा नियम राज्याच्या कायद्याचा सर्वसाधारण नियम मात्र झाला नाही, ही आमच्या दृष्टीने मोठीच चूक झाली.

अलीकडे आणखी एक बदल झाला. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले. नाल्यांचे खोलीकरण झाले, तलावांतील गाळ निघाला. पण बरेचसे काम जेसीबी आणि पोकलेनने उरकले. महिन्याचे काम दोन दिवसांत झाल्याचे कौतुक आम्हीही ऐकले. त्याच महिन्याची मजुरी डिझेलमध्ये गेली, हे कोणी मोजले नाही. जेथे खडक फोडायचा आहे, तेथे यंत्र हवेच. परंतु जो चर टिकाव-फावड्याने निघतो, तेथेही यंत्रच घालायचे, तर त्या कामाला रोजगाराची योजना म्हणू नये. 2005 च्या कायद्याने कंत्राटदाराला मज्जाव केला आणि मजुरांना विस्थापित करणारी यंत्रे शक्यतो वापरू नयेत असे सांगितले, ते याचसाठी.

नववीच्या वर्गात बहात्तरचा दुष्काळ शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांकडून कामाच्या मागणीचा अर्ज लिहून घेतो. गावाचे नाव, घरातील कामकऱ्यांची नावे, कोणत्या तारखेपासून काम हवे. एका वर्षी एका मुलीने तो कागद सुट्टीत खरोखरच गावी नेला आणि आईच्या अंगठ्यासह पंचायतीत दिला. अर्ज ठेवून घेतला गेला. पोच मिळाली नाही. पंधरा दिवसांची मुदत पोचेवरच्या तारखेपासून मोजायची असते. दिवाळी झाली आणि तिचे आईवडील त्या वर्षीही कारखान्यावर गेले. त्यानंतर आम्ही अर्जाखाली आणखी एक ओळ लिहून घेऊ लागलो आहोत : ‘दिनांक व सहीसह पोच मिळावी.’