पिलं कुणाची?

गेल्या पितृपक्षात बाबांच्या श्राद्धासाठी माहेरी, अकोल्याला गेले होते. वहिनीनं गच्चीवर पान ठेवलं. तास झाला, तरी कावळा फिरकेना! वहिनी रडकुंडीला आली. "ताई, बाबांचं काही राहून गेलं का हो?"

शेजारच्या आजी म्हणाल्या, "अवं, कावयाचं घरच तोडलं तुम्ही. तो येईन कायले?"

खरंच की! समोरचा मोठा निंब रस्ता रुंद करताना गेला होता. आणि मग लक्षात आलं, त्या उन्हाळ्यात तिथं कोकिळाही ओरडली नव्हती.

मैत्रिणींनो, 'कुहू' करतो तो नर, काळाभोर. मादी भुरकट, ठिपक्यांची. ती घरटं बांधतच नाही. नर कावळ्यांना डिवचतो, ते त्याच्यामागे धावतात, तेवढ्यात ही त्यांच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी! तिचं पिलू कावळ्याच्या पिलांआधी बाहेर येतं आणि चोच वासून बसतं. बिचारी कावळीण भरवत राहते. (दिराची पोरं वाढवणाऱ्या कावळिणी आपल्यातही कमी नाहीत!)

शहर वाढलं की पाखरं जातातच, असं मला वाटायचं. पण कावळा तर आपल्या खरकट्यावरच पोसलेला. वस्ती वाढते तसा तोही वाढतो आणि त्याच्यामागे कोकिळा येते. सिंगापूरला आधी कावळे वाढले, मागोमाग कोकिळा. थंड विलायतेत मात्र उलटं. तिथला कक्कू पाणगवतात, माळावर राहणाऱ्या चिमुकल्या पाखरांच्या घरट्यात अंडी घालतो. ती पाखरं शहरात नाहीत, म्हणून कक्कूही तिथं क्वचितच.

आपल्याकडं खरकटं भरपूर, पण नुसत्या खरकट्यानं काय होतं? कावळ्याला घरट्यासाठी झाड लागतं, कोकिळेला वड, पिंपळ, उंबराची फळं. झाड गेलं की दोघांचाही संसार मोडला.

इथं अमरावतीला आमच्याही अंगणात निंब आहे. गाडी ठेवायला जागा हवी, पानांचा कचरा नको, म्हणून तो पाडायचं ठरलं होतं. मीच मागे लागले होते, खोटं कशाला बोलू? यंदा वैशाखात त्यावर कावळ्यांनी घरटं केलं. काड्यांत चक्क तारेचे तुकडे विणलेत! रोज दुपारी कोकिळ येऊन ओरडतो आणि कावळे त्याच्यामागे लागतात.

परवा ह्यांनी विचारलं, "झाड तोडणाऱ्याला कधी बोलवायचं?"

म्हटलं, "पिलं उडू द्या आधी."

"कावळ्याची?"

ते अजून मलाही कळलेलं नाही.