उशी काढून घेतल्याने डोकेदुखी टळत नाही

"चोवीस तास मान उचलायची नाही, उशी घ्यायची नाही, नाहीतर जन्माची डोकेदुखी मागे लागेल." सिझेरियन होऊन आलेल्या बाळंतिणीला वॉर्डात हे बजावणारं कुणी ना कुणी असतंच. कधी आई, कधी सासू, कधी शेजारच्या खाटेजवळ बसलेली मावशी. वाईट याचं वाटतं की कधीकधी रुग्णालयातली माणसंही तेच सांगतात. मग ती पोरगी छताकडे बघत सपाट पडून राहते. बाळ रडतं, पण त्याला पाजायला कुशीवर वळायचीही तिला धास्ती. घसा कोरडा पडतो, तर पाणी चमच्याने. भूल देणं हेच माझं काम असल्याने हे दृश्य मला सतत दिसतं, आणि दर वेळी तितकाच राग येतो. कारण या शिक्षेचा उपयोग शून्य आहे.

सिझेरियनसाठी पाठीत सुई टोचून भूल दिल्यावर काहींचं डोकं दुखतं, हे खरं आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाणी असतं. ते धरून ठेवणारं ड्युरा नावाचं आवरण सुईने टोचलं जातं आणि त्या छिद्रातून पाणी थोडंथोडं झिरपतं. आतला दाब घटतो. उठून बसलं की मेंदूला खालून मिळणारा आधार कमी पडतो, त्याच्याभोवतालची आवरणं ताणली जातात, रक्तवाहिन्या फुगतात आणि कपाळ, मान, डोक्याची मागची बाजू ठणकते. आडवं झालं की बरं वाटतं. सहसा पहिल्या पाच दिवसांत हे सुरू होतं.

गैरसमजाचं मूळ नेमकं इथे आहे. आडवं पडल्याने दुखणं दबतं, छिद्र बुजत नाही. चोवीस तास सपाट ठेवलेली बाई दुसऱ्या दिवशी उठते, तेव्हा डोकं दुखायला लागतं, आणि सगळे म्हणतात, "बघ, उठलीस ना!" पाणी आधीपासूनच झिरपत होतं. उठल्यावर ते फक्त जाणवलं.

ज्यांना माझ्या शब्दावर भरवसा नाही त्यांच्यासाठी: वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात पाठीत सुई टोचलेल्या रुग्णांवरच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या आहेत, सुमारे ३,००० रुग्णांच्या. झोपवून ठेवल्याने डोकेदुखी टळत नाही. उलट लगेच हिंडूफिरू दिलेल्यांपेक्षा झोपवून ठेवलेल्यांमध्ये ती किंचित जास्तच आढळली. सलाईनच्या जादा बाटल्यांनीही फायदा दिसला नाही. बाळंतपणानंतर पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो, निपचित पडून राहिल्याने तो आणखी वाढतो. म्हणून पायांत जोर आला की कुणाचा तरी हात धरून उठावं, चालावं. उशी तर लगेच घ्यावी.

डोकेदुखी ठरते ती मुख्यतः सुईवरून. १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बिअर या शल्यविशारदाने स्वतःच्या पाठीत ही भूल टोचून घेतली. पिचकारी सुईत नीट बसेना, बरंच पाणी वाहून गेलं आणि पुढचे नऊ दिवस आडवं झाल्याशिवाय त्याला चैन पडली नाही. तेव्हाच्या सुया जाड होत्या. आज सिझेरियनला २५ ते २७ गेजच्या, केसासारख्या बारीक सुया वापरतात. त्यातही दोन प्रकार आहेत. क्विंकी सुईचं टोक धारदार, ते आवरण कापत जातं. पेन्सिलीच्या टोकाची सुई तंतू बाजूला सारत आत शिरते, तिचं छिद्र टोकाला नसून कडेला असतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेल्या ११० चाचण्यांच्या विश्लेषणात पाठीत सुई टोचल्यानंतरच्या डोकेदुखीचं प्रमाण नेहमीच्या धारदार सुईने ११ टक्के, तर तंतू न कापणाऱ्या सुईने ४.२ टक्के निघालं. बारीक पेन्सिल-टोकाच्या सुईने सिझेरियनमध्ये ते साधारण एक टक्क्यापर्यंत खाली येतं. तेव्हा उशीवरून वाद घालण्यापेक्षा भूलतज्ज्ञांना विचारा, "सुई कोणती वापरणार?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

इतकं करूनही दुखलंच तर सोसत बसू नका. पॅरासिटामॉल अंगावर पाजत असतानाही चालतं, चहा-कॉफीने थोडा वेळ उतार पडतो. बहुतेकींचं एक-दोन आठवड्यांत थांबतं. पण बाळाला घेऊन बसताच येत नसेल तर 'ब्लड पॅच' हा उपाय आहे. तिच्याच दंडातून साधारण २० मिलिलिटर रक्त घेऊन ते पाठीत, ड्युराच्या बाहेरच्या जागेत सावकाश सोडतात. तिथे ते गोठून छिद्र बुजवतं. पाठीत दाब वाटू लागला की थांबतात. अनेकींना काही तासांत बसता येतं. काहींना तो पुन्हा करावा लागतो.

बाकीचे समज थोडक्यात. कानात कापूस घातला नाही म्हणून वारं शिरून डोकं दुखतं: या दुखण्याचा वाऱ्याशी काही संबंध नाही. बोललं तर डोकं दुखतं, गॅस होतो: तिला खुशाल बोलू द्या. सुई मज्जारज्जूत जाते: मोठ्या माणसात मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली ती टोचतात. त्या सुईने कंबर कायमची जाते: टोचलेली जागा काही दिवस दुखते, पण बाळंतपणानंतरची कंबरदुखी भूल न घेतलेल्या बायकांनाही होते.

मात्र सिझेरियननंतरची प्रत्येक डोकेदुखी "इंजेक्शनची आहे, जाईल" म्हणून सोडून देणं हा यातला सर्वांत घातक समज. बाळंतपणानंतरही रक्तदाब चढू शकतो, मेंदूच्या शिरांत गुठळी होऊ शकते. आडवं पडूनही डोकं दुखतच राहिलं, ताप आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, एक वस्तू दोन दिसू लागली, झटका आला, बोलणं अडखळलं किंवा हातापायाची ताकद गेली, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा. रक्तदाब मोजायला लावा, आणि पाठीत भूल कधी दिली व आडवं झाल्यावर दुखणं कमी होतं की नाही, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.