काटा खोटं बोलतोय, की वायर?

गाडीचं मीटर भलतंच काही दाखवायला लागलं की आपण थेट सेन्सर बदलून मोकळे होतो. पण बरेचदा लोचा सेन्सरमध्ये नसतोच. तो शोधायला लागतं एक स्वस्तातलं मल्टिमीटर आणि अर्धा तास.

रात्री हेडलाइट लावला की टेम्परेचरचा काटा वर सरकतो. इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर नाचतो. काल टाकी फुल केली आणि आज मीटर म्हणतंय, रिकामी! ओळखीचं वाटतंय? मग घरातली जुनी गाडी ‘आता तूच वापर’ म्हणून तुमच्या हातात आलेली दिसतेय.

आता गॅरेजमध्ये गेलात तर काय होतं? आधी सेन्सर बदलला जातो. फरक पडला नाही तर मीटर बदलू म्हणतात. तरीही काटा नाचतोच. खिशातले पैसे गेले आणि दुखणं तिथंच.

पण प्रश्न फक्त पैशांचा नाहीये. टेम्परेचरची वायर तुटली, तर जुन्या गाड्यांत काटा गपचूप ‘सी’वर म्हणजे थंडवर पडून राहतो. तुम्ही घाट चढताय, आत कूलंट उकळतंय आणि काटा म्हणतोय सगळं मस्त! हेड गॅस्केट गेलं की मग बिलाचा आकडा बघवत नाही.

आधी रस्ता समजून घ्या

मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत हे सर्किट अगदी सोपं असतं. फ्यूजमधून करंट मीटरमध्ये येतो, तिथून एका वायरने सेन्सरपर्यंत जातो आणि सेन्सरमधून अर्थला. अर्थ म्हणजे काय, तर गाडीची बॉडी. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला आणि इंजिनला जोडलेली असते, म्हणून परतीची वेगळी वायर लागत नाही.

टेम्परेचरचा सेन्सर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, करंट वाढतो आणि काटा वर जातो. पेट्रोलच्या टाकीत फ्लोट असतो, तो वरखाली झाला की रेझिस्टन्स बदलतो. जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम बारावीत पाठ केला होता ना? तोच इथे काट्याच्या रूपात हलतोय.

आता गंमत बघा. मीटरला फक्त करंट कळतो. वाटेत कुठं गंज चढला, तर तो गंजही रेझिस्टन्सच. मीटरला वाटतं, सेन्सरच तसं सांगतोय!

संशयित तीन, प्रश्न एक

मीटर, वायर की सेन्सर? सगळं खोलत बसू नका. रस्ता मधोमध तोडा आणि बिघाड कुठल्या बाजूला आहे ते बघा.

जुन्या, एका वायरच्या टेम्परेचर सेन्सरवर हे करता येतं. इंजिन थंड असताना चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. सेन्सरची वायर काढा. काटा ‘सी’वर जायला हवा. तो वरच राहिला, तर वायर मध्येच कुठंतरी बॉडीला शॉर्ट झालीय किंवा मीटर अडकलंय.

आता त्या वायरच्या टोकाला तीन-चार वॅटचा छोटा १२ व्होल्टचा बल्ब जोडा आणि त्याचं दुसरं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवा. बल्ब मध्ये असला की मीटरमधून जास्त करंट जात नाही. काटा वर उचलला? म्हणजे मीटर आणि वायर ओके; संशय सेन्सरवर किंवा त्याच्या अर्थवर. काटा ढिम्म? मग फ्यूज, वायर किंवा मीटर.

आणि दोन्ही काटे एकदमच बिघडले असतील, तर दोन्ही सेन्सर एकाच दिवशी कसे जातील? दोघांचा सामाईक फ्यूज, सप्लाय किंवा मीटरचा अर्थ आधी बघा.

अर्थ तपासा, फुकटात

हेडलाइट लावल्यावर काटा हलत असेल, तर अर्थ हा संशयित नंबर एक. इंजिन चालू करा, हेडलाइट लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या धातूला. पट्टा आणि पंख्यापासून हात, ओढणी, वायरी लांब ठेवा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर अर्थची पट्टी सैल आहे किंवा गंजलीय. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढून नट सोडवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा. झालं! मीटरच्या मागे अर्थचा जो नट असतो, तिथंही हेच करून बघा.

पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात. बंद उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात. म्हणून मीटरकडे लक्ष ठेवून वायर हलक्या हाताने हलवून बघा. जिथं हलवल्यावर काटा उडी मारतो, तिथंच लूज कॉन्टॅक्ट.

नवी गाडी असेल तर?

नव्या गाडीत सेन्सरचं ऐकतो तो ईसीयू. तिथं वर सांगितलेला बल्बचा प्रयोग अजिबात नको. ओबीडी स्कॅनर लावा. समजा पी०११८ कोड आला. त्याचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. कूलंट सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त, एवढाच. तुटलेल्या वायरमुळेही हाच कोड येतो. चावी बंद करून कपलर काढा, मग चावी ऑन करून त्यातल्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. साधारण ५ व्होल्ट आले तर वायरिंग बहुधा ठीक. मग सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. बऱ्याच गाड्यांत तो थंड असताना दोन-तीन किलोओहम असतो आणि इंजिन तापल्यावर तीनशे ओहमच्या आसपास उतरतो. आकडाच बदलला नाही, तर खुशाल सेन्सर बदला.

हे मात्र विसरू नका

चालत्या गाडीत काटा ‘एच’वर गेला तर आधी तो खरा माना. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. वायरचा संशय नंतर. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पेट्रोलच्या टाकीवरचा सेन्सर घरी खोलायचा नाही. ठिणगी पडायला वेळ लागत नाही. पिवळ्या वायरी आणि कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात नको. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालायची नाही. आणि गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापायची नाही.

एवढं करून गॅरेजमध्येच जावं लागलं, तरी मेहनत वाया जात नाही. ‘दादा, काटा बिघडलाय’ म्हणणं वेगळं आणि ‘दादा, अर्थवर पाऊण व्होल्ट पडतायत, सेन्सर बदलायच्या आधी तेवढं बघूया का?’ म्हणणं वेगळं. दुसरं ऐकल्यावर दादाही सेन्सरचा डबा बाजूला ठेवतो आणि आधी टॉर्च काढतो.