व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर निवडताना

गेल्या वर्षी वहिनींनी सांगलीचे घर आवरायला काढले आणि दादांच्या तबकड्या माझ्याकडे आल्या. एकशेऐंशीच्या आसपास एलपी, ७८ फेऱ्यांच्या पस्तीस-चाळीस, आणि त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर. ज्या व्हॉल्व्हच्या यंत्रातून त्या तबकड्या वाजत असत, ते मात्र कधीच मोडीत गेले होते. पेट्या टॅक्सीत ठेवून झाल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘‘भाऊजी, एकदा तरी पूर्वीसारखं ऐकवा.’’

पूर्वीसारखे म्हणजे कसे, याचा उलगडा करण्यात माझे आठ महिने गेले. चौतीस वर्षे बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासले, त्यामुळे ‘कशासाठी हवे, किती हवे आणि परतफेड कशातून’ हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज माझ्या हातून पैसा सुटत नाही. या खरेदीत मात्र पहिल्या खेपेला मी तिन्ही प्रश्न विसरलो. तो किस्सा पुढे येईलच.

प्रथम वस्तूची ओळख. घरच्या स्टिरिओ संचात एका टोकाला रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर असे उगम असतात आणि दुसऱ्या टोकाला स्पीकरना हलवणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. मधले घर प्रीअ‍ॅम्प्लिफायरचे. कोणता उगम ऐकायचा ते निवडणे, आवाज कमी-अधिक करणे आणि दुबळा संकेत पुढच्या यंत्राला पुरेल इतका वाढवणे, ही त्याची कामे. हे वाढवण्याचे काम काचेच्या निर्वात नळीकडून करून घेतले, तर तो व्हॉल्व्हचा किंवा आजच्या भाषेत ट्यूबचा प्रीअ‍ॅम्प. (ट्यूब म्हटले की आमच्या घरी सगळे छताकडे पाहतात, म्हणून मी जुना शब्दच वापरतो.) फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन विद्युत्-अग्रांचा व्हॉल्व्ह केला, ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात तिसरे अग्र घातले आणि त्यातूनच पुढे संकेत वाढवण्याची विद्या उभी राहिली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि काही दशकांत घरोघरीचे व्हॉल्व्ह निवृत्त झाले. तरीही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे ते आजही तयार होतात. एके काळी बंगळूरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही ते बनवीत असे. जुन्या मेकॅनिकांच्या डब्यांत ते व्हॉल्व्ह अजून सापडतात.

आता तो किस्सा. संकेतस्थळावरील छायाचित्र पाहून मी एक छोटी पेटी मागवली. वर दोन नळ्या नारिंगी उजेडाने झळकत होत्या. किंमत अल्प, वर्णन भरघोस. पेटी आली, वाजलीही. पण ती बारा व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालते हे पाहून शंका आली. असल्या व्हॉल्व्हना नीट काम करण्यासाठी साधारणपणे शंभर ते तीनशे व्होल्टचा एकदिश दाब लागतो. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने पेटी उघडली, तेव्हा नळ्यांच्या बुडाशी नारिंगी एलईडी दिवे निघाले. दाब वाढवणारी कोणतीही व्यवस्था आत नव्हती. व्हॉल्व्ह जेमतेम जागे होते, आवाज वाढवण्याचे खरे काम शेजारची चिप करीत होती आणि उजेड एलईडीचा होता. तारण न पाहता कर्ज मंजूर केल्याची ती शिक्षा.

मग कागद-पेन घेऊन बसलो. सीडी प्लेअरचा पूर्ण संकेत सुमारे दोन व्होल्टचा असतो. माझ्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीने वाजण्यासाठी दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे सीडीसाठी वाढ शून्य हवी. उलट थोडी कपातच हवी. आणि बाजारात मिळणाऱ्या कित्येक प्रीअ‍ॅम्पमध्ये संकेत वीस-वीस पट वाढवला जातो! अशा यंत्रात आवाजाची कळ जेमतेम हलवली की घर दणाणते. कळीच्या त्या पहिल्या पट्ट्यात डाव्या-उजव्या बाजूंचा मेळही सहसा नीट नसतो, त्यामुळे हळू आवाजात गायक एका कुशीला सरकतो. शिवाय व्हॉल्व्हची स्वतःची सुरसुर त्याच वाढीने कानी येते. म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘वाढ किती पट?’ हा असावा. तीन-चार पट मला भरपूर वाटते.

व्हॉल्व्हच्या जातींचाही येथे संबंध येतो. ईसीसी ८३, ज्याला अमेरिकी नाव १२एएक्स७, त्याचा वर्धनांक १००. ईसीसी ८२ म्हणजे १२एयू७, त्याचा वीसच्या घरात. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, पण स्वभाव भिन्न. पहिला क्षीण संकेतासाठी उत्तम, मात्र पुढच्या यंत्राचा भार त्याला पेलवत नाही. हे मला एका मित्राने प्रेमाने वापरायला दिलेल्या यंत्रामुळे कळले. त्याच्या घरी ते गोड वाजे. माझ्याकडे आवाज सपाट, तबल्यातला डग्गा जणू दुसऱ्या खोलीत. दोष यंत्राचा नव्हता, जोडणीचा होता. त्याच्या व्हॉल्व्ह पॉवर अ‍ॅम्पचा आदान-रोध एक लाख ओहम, माझ्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचा फक्त दहा हजार. प्रीअ‍ॅम्पच्या शेवटी एक कपॅसिटर असतो. तो आतला उच्च दाब अडवतो आणि संगीत पुढे सोडतो. त्या यंत्रात तो ०.२२ मायक्रोफॅरडचा होता. गणित केले तर लाख ओहमांवर घट ७ हर्ट्झच्या खाली सुरू होते, ती कोणालाही जाणवणार नाही. दहा हजारांवर मात्र ७२ हर्ट्झपासूनच खर्ज गळू लागतो. खरेदीपूर्वी दोन आकडे मागावेत: प्रीअ‍ॅम्पचा निर्गम-रोध आणि आपल्या पॉवर अ‍ॅम्पचा आदान-रोध. दुसरा पहिल्याच्या निदान दहापट असावा. ज्यांचा शेवटचा टप्पा कॅथोड फॉलोअर पद्धतीचा असतो, त्यांचा निर्गम-रोध पुष्कळ कमी असतो आणि ते ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पशी सुखाने नांदतात.

तबकडीचे प्रकरण निराळे. फिरत्या चुंबकाच्या पिकअपमधून येणारा संकेत अवघा पाच मिलीव्होल्टच्या आसपास असतो. तो मधल्या पट्टीत शंभरपट तरी वाढवावा लागतो, आणि नुसता वाढवून भागत नाही. एलपी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर उचललेले असतात. वाजवताना नेमकी उलट भरपाई करावी लागते. १९५४ च्या सुमारास ठरलेल्या या वक्राला आरआयएए म्हणतात. ही सोय प्रत्येक प्रीअ‍ॅम्पमध्ये असते असे समजू नये. ‘फोनो’ लिहिलेली जोडणी नसेल, तर तो केवळ सीडी-रेडिओचा प्रीअ‍ॅम्प होय. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या या वक्राच्या आधीच्या. त्यांच्यासाठी तार स्वरांची वेगळी कळ आणि मोनोचे बटण असेल तर फार उपयोग होतो. मोनो केल्याने दोन्ही बाजूंची खरखर बरीच निवते. सुईही जाड लागते. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घसरते आणि केवळ कचरा ऐकवते. मला ती वेगळी मागवावी लागली.

सुरक्षिततेबद्दल थोडे कडकपणे लिहितो. या पेटीत दोन-अडीचशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर काही काळ भार धरून ठेवतात. झाकण आपण उघडू नये. परदेशातून आणलेले यंत्र १२० व्होल्टचे नाही ना, हे मागच्या पट्टीवर वाचावे. नातवंडे घरात असतील तर उघड्या नळ्यांपेक्षा जाळीची पेटी बरी, कारण काच तापते. खरेदीच्या दिवशी तबकडी न लावता आवाज वर करून पाहावा. सखल गुणगुण ऐकू आली तर यंत्र तेथेच ठेवावे. पेन्सिलीने नळीला हलके टिचकावे. घंटेसारखा नाद स्पीकरमधून उमटला तर ती नळी बदलून मागावी. जुन्या युरोपीय नळ्यांसाठी हजारो रुपये मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांत नकली माल फार, आणि तेवढ्या पैशांत तबकड्या येतात.

आता सर्वांत अवघड प्रश्न. व्हॉल्व्हचा आवाज खरोखर ‘उबदार’ असतो का? मुलाचा ट्रान्झिस्टरचा प्रीअ‍ॅम्प आणि निवडलेला व्हॉल्व्हचा, दोन्हींचा आवाज मीटर लावून समान केला, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक गोड वाटतो. सौ. पडद्यामागे बसून अदलाबदल करीत होती. सीडीवर सोळा फेऱ्या झाल्या, नऊ बरोबर. नाणे उडवून एवढे साधले असते. त्याच महिन्यात कानांची तपासणी केली, तेव्हा ४००० हर्ट्झच्या पुढे माझा आलेख उतरणीला लागलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. प्रस्ताव नामंजूर करायला एवढी टिप्पणी पुरेशी होती.

तरीही मी तो घेतला. पुण्यातील एका कारागिराने हाताने जुळवलेला, ईसीसी ८२ चा, फोनो आणि मोनो बटणासह. बत्तीस हजार रुपये. फाइलवर मी कारण लिहिले असते ते असे: अर्जदाराची गरज आवाजाच्या शुद्धतेची नाही.

दिवाळीनंतर वहिनी आल्या. बटण दाबले आणि आम्ही थांबलो. नळ्या तापायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात त्या म्हणाल्या, ‘‘हे असंच थांबावं लागायचं. तुमचे दादा तेवढ्यात फडक्यानं तबकडी पुसून घ्यायचे.’’ मी फडके घेतले. हिराबाई बडोदेकरांची ७८ ची तबकडी लावली. खरखरीतून आवाज वर आला. वहिनी थोडा वेळ डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘थोडा मोठा करा, भाऊजी. मलाही हल्ली कमीच ऐकू येतं.’’

मी कळ फिरवली. दहाच्या काट्यापर्यंत गेली, तरी घर दणाणले नाही.