पाच मिलिमीटरचा हिशोब

ब्रेझा आणि नेक्सॉन या छोट्या एसयूव्ही, दोघींची लांबी ३,९९५ मिलिमीटर. योगायोग कसला? चार मीटरच्या आत राहिलं आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत असलं, तर सप्टेंबर २०२५पासून जीएसटी १८ टक्के. नाहीतर थेट ४०. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचं, म्हणून ती सुटली. ब्रेझाचं १,४६२ सीसीचं इंजिन मात्र ४० टक्क्यांत अडकलं.

करापलीकडचा हिशोबही आहे. अशा उंच गाडीचा तळ खड्ड्यांतून, गतिरोधकांवरून सुखरूप जातो, हे खरं. पण ती हवाही जास्त कापते, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. शहरात हे जाणवत नाही; द्रुतगती मार्गावर पेट्रोलचा काटा चुगली करतो. रोजचा रस्ता धड असेल, तर मी हॅचबॅकच घेईन.